एल्कचं जंगल, डोंगराचा वारा आणि परतीची वाट

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. कोलोरॅडोत ऑक्टोबरच्या पहिल्या रायफल सीझनला तुम्हाला मादी एल्कचं (हरणाच्या कुळातलं, उत्तर अमेरिकेतलं मोठं जनावर) टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, मिळालं. 10,000 फुटांवरच्या दाट स्प्रूसच्या जंगलात तुम्ही आणि तुमचा मित्र पाच दिवस रोज 14-15 किलोमीटर चाललात. ताज्या लेंड्या दिसल्या, दोनदा फांद्या मोडल्याचा आवाज आला, एकदा झाडांआडून पळणारे पिवळट पुठ्ठे दिसले. बार काढायची वेळ आलीच नाही. आता विचारताय की पुढच्या वर्षी मॅग्नम, म्हणजे जास्त जोरदार काडतुसाची, रायफल आणि लांब पल्ल्याची स्कोप घ्यावी का, आणि रस्त्यापासून सात-आठ किलोमीटर आत जाऊन तळ टाकावा का.

तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. एल्क 400 मीटरवर उभा होता आणि तुमची रायफल तिथवर पोचली नाही, असं एकदाही घडलेलं नाही. तो 60-70 मीटरवर होता आणि तुम्ही त्याला दिसण्याआधीच त्याला तुमचा वास लागला. म्हणजे जागा तुम्ही बरोबर शोधली होती. तिथे कोणत्या वेळी आणि कोणत्या बाजूने शिरायचं, एवढंच चुकलं. सात-आठ किलोमीटर आत जाण्याचा प्रश्न मात्र फार वेगळा आहे. त्याचं उत्तर तुमच्या पायांत आणि पाठीत आहे, त्याकडे नंतर येतो.

काही गोष्टी मी इथून ठरवू शकत नाही. तुमचं युनिट (शिकारीसाठी आखलेला विभाग) किती उंचीवर आहे, तिथे इतर शिकाऱ्यांची गर्दी किती, बर्फ कधी पडतो, तुमची तब्येत कशी आहे, मित्र दरवर्षी येणार का, यांवर बरंच बदलतं. धनुष्याच्या सीझनमध्ये, सप्टेंबरात, नर ओरडत असतात आणि खेळ निराळा असतो. नोव्हेंबरात बर्फ साचला की कळप खाली उतरतात, तेव्हाही निराळा. मी सांगतोय ते ऑक्टोबरच्या मध्याचं, बर्फ नसलेल्या किंवा नुकत्याच भुरभुरलेल्या दाट जंगलाचं. बावीस वर्षं मी याच दिवसांत याच प्रकारच्या डोंगरात जातो.

रायफलचं आधी उरकून घेऊ. कोलोरॅडोच्या नियमाप्रमाणे एल्कसाठी किमान .24 कॅलिबर (गोळीचा व्यास, इंचात), किमान 85 ग्रेनची (सुमारे साडेपाच ग्रॅम) गोळी आणि 100 यार्डांवर 1,000 फूट-पाउंड ऊर्जा लागते. तुमच्याकडची .308 रायफल हे सगळं आरामात ओलांडते. माझी .30-06 आहे, म्हणजे 1906 सालचं काडतूस, आणि दाट जंगलात मी 150 मीटरच्या पलीकडे बार काढल्याचं मला आठवत नाही. मॅग्नमचा धक्का जास्त, म्हणून सराव कमी होतो आणि चाप ओढताना डोळे मिटायची सवय लागते. ते पैसे चांगल्या 10x42 दुर्बिणीवर आणि बुटांवर घाला. सराव बसून, गुडघ्यावर, सॅकवर टेकवून आणि धाप लागलेली असताना करा, कारण 10,000 फुटांवर दर श्वासाला समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण सत्तर टक्केच प्राणवायू मिळतो आणि नेम तिथे हलतो. एक हिशोब लक्षात ठेवा: तीव्र उतारावर नेम आडव्या अंतराचा धरायचा. 30 अंशाच्या उतारावर रेंजफाइंडर 300 मीटर दाखवत असेल तर गोळीच्या दृष्टीने ते सुमारे 260 मीटर असतं. नाहीतर बार पाठीवरून जातो.

आता वारा. खरं उत्तर इथे आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

डोंगरात दोन वारे असतात. एक हवामानाचा, जो अंदाजात दिसतो. दुसरा डोंगराचा स्वतःचा. रात्रभर थंड झालेली हवा जड होते आणि घळींतून पाण्यासारखी खाली वाहते. पहाटे ओढ्याकाठी उभे राहिलात तर ती वरून चेहऱ्यावर येताना कळते. ऊन उतारावर पडलं की जमीन तापते आणि तीच हवा वर चढू लागते. मधला अर्धा-पाऊण तास ती कुठेही भरकटते, गोल फिरते, दोन्ही कानांना लागते. संध्याकाळी उतार सावलीत गेला की पुन्हा खाली वाहू लागते. पूर्वेकडच्या उतारावर हा पालट लवकर होतो, उत्तरेकडच्या दाट झाडीत फार उशिरा. ऑक्टोबरात सूर्य खालून जातो, त्यामुळे काही अंधाऱ्या ओढ्यांत दुपारीही हवा खालीच वाहत असते.

आता तुमचा दिवस बघा. सहाला ओढ्यापासून चढायला सुरुवात, दहाच्या सुमाराला वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, तिथे ताज्या लेंड्या, आणि मग फांद्या मोडल्याचा आवाज. सकाळी आठपर्यंत वारा तुमच्या तोंडावर होता, सगळं ठीक चाललं होतं. नऊनंतर तो तुमच्या पाठीमागून वर जाऊ लागला, आणि तुम्ही पोचायच्या बरंच आधी तुमचा वास पोचला. एल्क बसतात ते नेमके त्याच पट्ट्यात. धारेच्या आडोशाला, माथ्यापासून थोडं खाली, जिथे पलीकडून धारेवरून येणारा वारा त्यांच्या पाठीला लागतो आणि खालून चढणारी हवा समोरून नाकाला लागते. मागचं त्यांना नाकाने कळतं, पुढचं नाक आणि डोळे दोन्हींनी. सरळ खालून किंवा सरळ वरून जाणाऱ्याला ते बसल्याजागी ओळखतात.

उरते ती बाजू. मी अंधारातच, कळपाच्या उतारापासून दूर असलेल्या, डोंगराच्या एखाद्या सोंडेवरून चढतो. उजाडताना त्यांच्या उंचीवर किंवा जरा वर असतो, पण मध्ये निदान एक घळ सोडून. पहिले दोन तास समोरचा उतार दुर्बिणीने बघण्यात जातात. हवा वर चढायला लागून स्थिर झाली, की मग आडवा, उंची न बदलता, त्यांच्या पट्ट्यात शिरतो. मधल्या गोंधळाच्या वेळेत जागेवर बसून राहतो. हा अर्धा तास बसणं सगळ्यात अवघड असतं, कारण सकाळ वाया चालली असं वाटत राहतं.

खिशात टाल्कमची पिचकीची छोटी बाटली ठेवा आणि पंधरावीस पावलांवर एकदा दाबा. मी मिल्कवीडच्या शेंगेतला कापूसही बाळगतो. पावडर हातभर जाऊन विरते, कापसाचा तंतू मात्र 20-30 मीटर दिसत राहतो आणि पुढच्या खडकापाशी हवा कुठे वळते तेही दाखवतो. एकदा तो माझ्यासमोर सरळ गेला, मग एका पडक्या झाडापाशी उलटा फिरून माझ्याच खांद्यावरून मागे आला. त्या दिवशी मी तिथूनच परत फिरलो आणि दुसऱ्या दिवशी पलीकडून आलो. कळप तिथेच होता.

कपड्यांच्या रंगाची काळजी करू नका. 500 चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी कपडा आणि चारही बाजूंनी दिसणारी त्याच रंगाची टोपी इथे कायद्यानेच घालावी लागते. एल्कला केशरी आपल्यासारखा वेगळा उठून दिसत नाही. त्याला हालचाल दिसते.

जंगलात शिरल्यावरचा वेग हा दुसरा मुद्दा. दिवसाला पंधरा किलोमीटर म्हणजे तुम्ही चालत होता, शिकार करत नव्हता. रात्री आणि पहाटे एल्क चरतात ते दक्षिणेकडच्या मोकळ्या उतारांवर, कुरणांत, ॲस्पेनच्या कडेला. दिवसा बसतात उत्तरेकडच्या अंधाऱ्या स्प्रूस-फरमध्ये. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात चालायचं ते दोन-तीन पावलं आणि मग मिनिटभर उभं राहणं. बसलेल्या जागेजवळ पोचलो की मी तासाला 200-300 मीटरच सरकतो. अख्खा एल्क शोधू नका. उभ्या खोडांच्या गर्दीत आडवी रेघ दिसली तर ती पाठ असू शकते. एक कान हलतो. गडद तपकिरी पाय एखाद्या बुंध्यासारखा दिसतो, पण बुंध्याला गुडघा नसतो. आणि नाक वापरा. गोठ्यासारखा उग्र, उबदार वास आला की ते शंभर पावलांच्या आत आहेत किंवा नुकतेच उठून गेले आहेत.

काडी मोडली म्हणून घाबरू नका. एल्क स्वतः भरपूर आवाज करतात. काडी मोडली तर मी थांबतो, मादीसारखी हलकी हाक देतो आणि पाच मिनिटं हलत नाही. धातूचा आवाज, जॅकेटचं नायलॉन फांदीवर घासल्याची खरखर, माणसाचं बोलणं, यांना मात्र माफी नाही. मित्रासोबत खुणा आधीच ठरवा.

खुरांबद्दल एक सावधगिरी. या सरकारी जंगलांत उन्हाळ्यात गुरं चरायला सोडतात आणि काही ऑक्टोबरातही राहिलेली असतात. एल्कचा खूर साधारण 10-11 सेंटीमीटर लांब, हरणापेक्षा गोलसर. गाईचा त्याहून मोठा आणि आणखी गोल. जवळपास पसरट शेण आहे की टपोऱ्या लेंड्या, हे बघितल्याशिवाय मागाच्या मागे लागू नका. ताज्या लेंड्या चकचकीत आणि हिरवट असतात, बोटाने दाबल्या की मऊ लागतात. वरून कोरड्या आणि आत ओलसर असतील तर ती कालची गोष्ट.

इथवर सांगितलेलं एवढंच, की अंधारात बाजूने चढा, वारा स्थिर होईपर्यंत थांबा, मग आडवे आणि फार हळू शिरा. आता ते सात-आठ किलोमीटर.

प्रौढ नर एल्क 320 किलोच्या आसपास भरतो, मादी 225 च्या. हाडं काढूनही मादीचं मांस 65 ते 80 किलो निघतं, नराचं 90 ते 110. पडझड झालेल्या जंगलातून, उतारावर, एका माणसाने एका खेपेला 25-30 किलोच वाहावं. म्हणजे मादी असली तरी तीन खेपा, नर असला तर चार. तुम्ही दोघं आहात, म्हणून दोन-दोन खेपा धरा. आठ किलोमीटर आत एका माणसाच्या दोन खेपांचा अर्थ 32 किलोमीटर चालणं, त्यातलं निम्मं ओझ्यासह. दिवसा 15-18 अंश तापमान असेल तर मांस तुमची वाट बघत नाही.

हे मला माझ्या चौथ्या सीझनने शिकवलं. दुपारी साडेचारला, एका खोल घळीच्या तळाशी, मी एक नर पाडला. वरून बघताना फक्त नेम दिसत होता, चढ दिसत नव्हता. तो चढ 350 मीटरचा होता आणि मध्ये बीटल किड्यांनी मारलेले स्प्रूस काड्यापेटी उपडी केल्यासारखे आडवेतिडवे पडलेले. एकटाच होतो. अंधार पडला, पोट साफ केलं, थंडी आहे म्हणून कातडं तसंच ठेवलं आणि बर्फावर ठेवून वर आलो. सकाळी परतलो तेव्हा वरचा पाय ठीक होता. खालचा, बर्फाकडचा, सुरी घालताच खुब्याच्या हाडापाशी आंबूस वासाचा आणि हिरवट निघाला. केसाळ कातडं आणि खालचा बर्फ यांच्यामध्ये रात्रभर ऊब कोंडून राहिली होती. जवळजवळ वीस किलो मांस मी वाया घालवलं. त्या जनावराचा जीव मी घेतला होता, आणि तो चढ आधी बघितला असता तर हे टळलं असतं. ते मला अजून सलतं.

तेव्हापासून नियम हा: चाप ओढण्याआधी मी परतीची वाट बघतो. कुठून वर येणार, किती खेपा, किती उजेड उरलाय. उत्तर पटलं नाही तर बार काढत नाही, समोर कितीही चांगलं जनावर असो. तुम्हा दोघांसाठी माझी मर्यादा रस्त्यापासून अडीच-तीन किलोमीटर. त्यातही शक्यतो वाटेपेक्षा उंचावर शिकार करा, म्हणजे ओझं उताराने खाली येईल. आणि दूर म्हणजेच चांगलं, ही समजूत सोडा. रस्त्यालगतच्या तीव्र, अडचणीच्या, कुणाला उतरावंसं न वाटणाऱ्या उतारावर मला जितके एल्क मिळाले तितके लांबच्या सुंदर कुरणांत मिळाले नाहीत. राज्यात 2.5 लाखांहून जास्त एल्क आहेत. जिथे माणसाचा त्रास कमी, तिथे ते राहतात, आणि ती जागा कित्येकदा गाडीच्या आवाजाच्या टप्प्यात असते.

बार कुठे आणि नंतर काय, याबद्दल. आडवा उभा असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या रेषेत, अंगाच्या खालून एक-तृतीयांश उंचीवर. थोडा तिरका, तुमच्यापासून दूर तोंड केलेला असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाचा नेम धरून मधून. पुठ्ठ्यावर कधीच नाही. बार काढल्यावर दुसरं काडतूस चढवा आणि बघत राहा. चांगला लागलेला एल्कही शंभर मीटर जाऊन मग पडतो आणि जाताना चुकल्यासारखाच दिसतो. तो उभा होता त्या झाडाला आणि शेवटचा दिसला त्या झाडाला मनात पक्कं करा, स्वतःच्या जागी केशरी फीत बांधा, मगच हला. मी घड्याळ लावून तीस मिनिटं बसतो. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, तो जवळच पडलेला असतो. काळपट रक्त बहुधा यकृताचं, दोन-तीन तास थांबा. हिरवट, दुर्गंधीचं असेल तर पोटात लागलंय. सहा तास तरी त्याला उठवू नका, आणि मग सापडेपर्यंत माग सोडू नका. बर्फ किंवा पाऊस माग पुसायला लागला तरच मी हे थांबणं कमी करतो.

पडल्यावर सगळ्यात आधी टॅग भरून सही, मग सुरी. कातडं लगेच काढा, चारही पाय, पाठीचे पट्टे आणि आतले लुसलुशीत पट्टे वेगळे करा. एवढं तरी मांस आणलंच पाहिजे, असा कायदा आहे. मादी असल्याचा पुरावा एका तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहू द्या, वॉर्डन, म्हणजे वन्यजीव अधिकारी, तो बघतो. हवा खेळणाऱ्या कापडी पिशव्यांत भरून सावलीत, फांदीवर टांगा. प्लॅस्टिकमध्ये भरू नका. डोकं क्रॉनिक वेस्टिंग डिसीजच्या, म्हणजे हरीण-एल्कच्या मेंदूला होणाऱ्या जीवघेण्या प्रायॉनजन्य रोगाच्या, तपासणीला द्या. हा रोग 1967 मध्ये कोलोरॅडोतच पहिल्यांदा आढळला. अहवाल येईपर्यंत मांस वेगळं गोठवून ठेवा, आणि पॉझिटिव्ह आलं तर खाऊ नका.

पुढच्या वर्षीच्या पाच दिवसांपैकी पहिला अख्खा दिवस मी तुमच्या जागी रायफल सॅकला बांधून ठेवीन. दिवसभर एका सोंडेवर बसून समोरचा उतार बघायचा आणि दर अर्ध्या तासाला पावडर उडवून वेळ आणि दिशा वहीत लिहायची. त्या एका पानावर तुमच्या डोंगराचा वारा किती वाजता फिरतो ते कळेल, आणि पुढचे चार दिवस अंदाजाने चालावं लागणार नाही. जोराच्या वाऱ्याच्या दिवशी मेलेल्या स्प्रूसखाली बसू नका, ते पूर्वसूचना न देता पडतात. हेडलाइट दोन, उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र एक, आणि परतायची वेळ ठरलेली.

तुमच्या तळाजवळचा ओढा कोणत्या दिशेने वाहतो आणि ते पिवळट पुठ्ठे दिसले तो उतार कोणत्या दिशेला तोंड करून आहे, एवढं कळवा. युनिटचं नाव जाहीर लिहायची गरज नाही. त्यावरून कोणत्या सोंडेने चढायचं हे मी जास्त नेमकं सांगू शकेन.